ओवा नावाचा गॉब्लिन

कागदाला खाडाखोडीनं भोक पडलं की समजावं, पात्र जगलं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या प्रत्येकापुढे आपापल्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर नाव, कूळ, हत्यारं, कनवटीची नाणी आणि एका चौकोनात 'हिट पॉइंट्स', म्हणजे अंगात अजून किती धुगधुगी उरली आहे त्याचा आकडा. राक्षसाची गदा बसली की तो आकडा खोडायचा, कुणी मंत्र म्हणून जखम भरली की पुन्हा वाढवून लिहायचा. वर्ष-दोन वर्षं हे चाललं की सबंध कागदात नेमका तेवढाच चौकोन विरतो, त्यातून पलीकडचं टेबल दिसू लागतं आणि मग मागून चिकटपट्टी लागते. आमच्या गटात एक दातांच्या डॉक्टर आहेत. आठवडाभर लोकांचे दात वाचवतात आणि रविवारी संध्याकाळी गदा घेऊन लोकांचे दात पाडतात. त्यांच्या कागदावर चिवड्याच्या तेलाचा एक डाग आहे. अजून कुणाचं गलबत न लागलेल्या खंडासारखा तो दर पावसाळ्यात थोडा थोडा पसरतो. "नवा कागद छापून देऊ का?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता तो घडी करून पर्समध्ये ठेवला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पट असतो किंवा नसतो, सोंगट्या असतात किंवा नसतात. खेळ चालतो तो बोलण्यात. पाचसहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक पात्र येतं आणि डीएमच्या, म्हणजे डन्जन मास्टरच्या, वाट्याला उरलेलं सगळं जग: डोंगर, पाऊस, राजा, राजाचा दिवाण, दिवाणाची सासू आणि वाटेत आडवं जाणारं मांजर. "समोर दरी आहे," मी म्हणते. "मी उडी मारतो," कुणीतरी म्हणतं. वीस बाजूंचा फासा टेबलावर घरंगळतो, बहुतेकदा सोफ्याखाली जातो, आणि चांगली पोक्त माणसं गुडघ्यांवर ओणवी होऊन मोबाइलच्या उजेडात आपलं विधिलिखित वाचतात. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि मुख्य म्हणजे खेळ संपत नाही. आज जिथं थांबलो तिथूनच पुढच्या रविवारी पुढे. अशा सलग चालणाऱ्या गोष्टीला कॅम्पेन म्हणतात. ती सुरू करणं अगदी सोपं. पण हप्ते फेडणाऱ्या, पाठ धरलेल्या, मुलांच्या दहावीनं गांजलेल्या माणसांना वर्षानुवर्षं त्याच टेबलाशी आणून बसवायचं कसं, याचं कोष्टक कुठल्या नियमपुस्तकात सापडत नाही.

गोष्ट भव्य असली की माणसं टिकतात, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या कॅम्पेनमध्येही एक भव्य खलपुरुष आहे. त्याला वंशावळ आहे, भंगलेले मुकुट आहेत, लहानपणी झालेला अन्याय आहे. त्याच्या सैन्याच्या ध्वजावर कोणतं चिन्ह आणि का, हेही माझ्या वहीत लिहिलेलं आहे. खेळाडू त्याला 'तो झगेवाला' म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खलपुरुषाला एवढा अपमान गिळता आला पाहिजे.

त्याउलट ओवा. एका गुहेत चार गॉब्लिन होते. गॉब्लिन म्हणजे हिरवट, लबाड, ठेंगणे, पहिल्या दोन फाशांत मरावेत एवढ्यासाठीच जन्माला घातलेले जीव. तिघं तसे मेलेही. चौथा पिंपामागं लपला होता. गटातली सगळ्यांत धाकटी, आमच्या सीएंची कॉलेजात जाणारी भाची, गदा उगारलेल्या डॉक्टरांना थांबवून मला म्हणाली, "ताई, ह्याचं नाव काय?" आता या प्राण्याला नाव नव्हतं, त्याला उद्याच नव्हता. टेबलावर बटाटेवड्यांनंतर फिरवलेली ओव्याची बाटली उभी होती. "ओवा," मी म्हणाले. झालं. नाव असलेल्या माणसावर गदा चालवणं अवघड जातं. त्या दिवसापासून ओवा मंडळींबरोबर आहे. तो पखाली उचलतो, घोड्यांना घाबरतो, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेतो, कारण सीएंनी पहिल्याच मुक्कामी "फुकट राबवणं बसत नाही आपल्यात" असं सांगून त्याचं खातं उघडलं. दिवाळीला बोनस द्यायचा की नाही यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. झगेवाल्याच्या किल्ल्याची तटबंदी त्या रात्री आम्हाला दुरून नुसती दिसत राहिली.

हे आमच्याच घरात घडतं अशातला भाग नाही. या खेळाचा जन्मच मुळी असा, हातातून निसटून झालेला आहे. १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली नावाच्या तरुणानं नेपोलियनच्या काळातल्या लढायांचा एक खेळ मांडला. ब्राउनश्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. पण या वेळी त्यानं खेळाडूंना पलटणींऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा हेतू घातला. थोड्याच वेळात पटाकडं कुणाचं लक्ष राहिलं नाही. लोक कोपऱ्यात जाऊन कट करू लागले, एकमेकांना थापा मारू लागले, दोघांनी तर द्वंद्वच पुकारलं, ज्याचा नियमच केलेला नव्हता. वेसलीला वाटलं, खेळाचा बट्ट्याबोळ झाला. खेळाडू मात्र विचारत होते, पुन्हा कधी? त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसननं १९७१च्या सुमारास ब्लॅकमूर नावाचं जग रचलं. त्यात तीच तीच पात्रं एका बैठकीतून पुढच्या बैठकीत जाऊ लागली, अनुभवानं थोर होऊ लागली. आजच्या सगळ्या कॅम्पेनना त्याच वाटीतलं विरजण लागलेलं आहे.

पुढं आर्नेसननं हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी नेऊन गॅरी गायगॅक्सला दाखवला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेलेली होती आणि तो घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करत असे. १९७४ साली दोघांचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापून निघालं, पहिल्या खेपेला हजार प्रती. मला त्या नियमांपेक्षा नियमांच्या सांदीत राहिलेली माणसं जास्त आवडतात. खेळाच्या पुढच्या पुस्तकांत 'टेन्सर' या जादूगाराच्या नावाची एक तरंगती तबकडी आहे. टेन्सर हे गायगॅक्सच्या मुलाचं, अर्नेस्टचं पात्र. स्वतःच्या नावाची अक्षरं पोरानं उलटसुलट करून ठेवलेली. 'मेल्फ' या वीराच्या नावाचा आम्लबाण आहे. तो धाकट्या ल्यूकचा. कागदावर पुरुष या अर्थी 'एम' आणि त्यापुढे 'एल्फ' एवढंच लिहिलेलं होतं, तेच नाव होऊन बसलं असं सांगतात. आज जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात कुणी तो बाण सोडतं, तेव्हा लेक जिनिव्हातल्या एका आळशी मुलाचा कंटाळा थोडासा उच्चारला जातो. खेळाडूला धरून ठेवायचं कसं, याचं याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही. त्यानं सहज टाकलेला शब्द जगात कुठंतरी कोरून ठेवावा, बस्स.

लक्षात ठेवण्याचं हे काम मात्र एकट्या डीएमनं करू नये. आजोळी, कुडाळच्या बाजूला, जत्रेत दशावतार असे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, कुणी कोणतं सोंग घ्यायचं ते ठरतं, बाकी बोलणं उभ्या उभ्या. संकासुराला भिऊन मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसत असे आणि मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आत तिथंच झोपत असे. सकाळी आजी तांदूळ निवडता निवडता राहिलेली गोष्ट सांगायची. "मगे काय झाला, ता आयक." तिच्या गोष्टीत राजा जास्त रडायचा, राक्षस जास्त वेळ मरायचा आणि मध्येच शेजारच्या वाडीतल्या कुणाच्या तरी म्हशीचा विषय निघायचा. मोठेपणी एकदा मी तेच आख्यान जागेपणी पुरतं पाहिलं. ते आजीच्या मानानं फारच आटोपशीर होतं.

म्हणून आमच्याकडे दर रविवारी 'मागल्या वेळी काय झालं' हे मी सांगत नाही, खेळाडूंनी सांगायचं. सीए खर्चाच्या अंगानं सांगतात. डॉक्टर कोण कोण पडलं ते सांगतात. भाचीला कोण कुणाला काय बोललं तेवढंच आठवतं, पण ते शब्दन् शब्द. माझा मावसभाऊ बिनदिक्कत चुकीचं सांगतो. "ओव्याला तस्करांची वाट ठाऊक होती ना," असं तो एकदा म्हणाला. ओव्याला काहीही ठाऊक नव्हतं. पण बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि मी वहीत आधीचं खोडून लिहिलं: ओव्याला वाट ठाऊक आहे, कशी, ते तो सांगत नाही. पुढचे तीन महिने खेळ त्या वाटेनं गेला. माझ्या वहीत एवढी चांगली वाट नव्हती.

राहता राहिला कॅलेंडरचा प्रश्न. कॅम्पेन मरतात त्या ड्रॅगनच्या आगीनं नव्हे, लग्नसराईनं. कॅनडातल्या लंडन शहरात रॉबर्ट वॉर्डहॉ नावाचे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली कॅम्पेन चाळीस वर्षं उलटली तरी चालू होती. तळघरात हाती रंगवलेल्या हजारो मूर्ती, आणि टेबलाशी एकाच गोष्टीत म्हातारी होत गेलेली माणसं. 'क्रिटिकल रोल'वाल्यांनी मित्रामित्रांतला घरचा खेळ २०१५ पासून प्रेक्षकांसमोर मांडला आणि पहिली कॅम्पेन ११५ भागांनंतर संपवली. पण ते पडले आवाजाचे व्यावसायिक कलाकार. बेन रॉबिन्स या डीएमनं तर 'वेस्ट मार्चेस' नावाच्या आपल्या कॅम्पेनमध्ये नेहमीचा वार, नेहमीचा गट आणि ठरलेली गोष्ट, तिन्ही काढूनच टाकली. ज्यांना यायचं त्यांनी आपसांत तारीख जुळवायची, कुठं जायचं ते आधी सांगायचं, आणि परतल्यावर खाणावळीच्या टेबलावर कोरलेल्या सामायिक नकाशात भर घालायची. युक्ती फार शहाणी आहे. आमच्याकडे ती चालणार नाही, कारण तारीख आपसांत जुळवायला बसवलं तर आमची मंडळी आधी नवी समिती नेमतील.

आमचा एक गडी न्यू जर्सीला असतो. आमची संध्याकाळ सहाची, त्याची सकाळ साडेआठची. लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या लॅपटॉपमध्ये तो कॉफी पीत बसतो आणि आमची भजी बघतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा कुणी लवकर उठायचं आणि कुणी उशिरा जेवायचं यावर दरवर्षी नव्यानं तह होतो. तो फासा टाकला की कॅमेरा उचलून दाखवतो. अविश्वास कुणाचाच नाही, तरी दाखवतो. मध्यंतरी त्याचे वडील गेले. तो आला, दिवस झाले, परत गेला, आणि मग कितीतरी रविवार बरणीशेजारची जागा रिकामी राहिली. गैरहजर खेळाडूच्या पात्राचं काय करायचं याचे नाना प्रकार असतात. आम्ही त्याच्या जादूगाराला एका सरायीत झोपवलं. "ओवा उशाशी बसतो," भाची म्हणाली. तेव्हापासून पखाली इतरांनी उचलल्या, कुणी कुरकुर केली नाही.

तो परत आला त्या रविवारी कुणी कसला विषय काढला नाही. सीएंनी घसा साफ केला आणि त्याला सरायीचं बिल पाठवलं. खोलीभाडं, दिव्याचं तेल, घोड्याची वैरण, सगळं तांब्याच्या नाण्यांत, बेरीज चोख. शेवटची ओळ: उशाशी बसल्याबद्दल ओवा यांस, शून्य. तो मोठ्यानं वाचत होता, तिथं आल्यावर आवाज थांबला. चित्रही हललं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "नेट अडकलं होतं." "हो, इकडेही अडकलं होतं," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी गदा घेतली.

तुमच्या ओळखीत कुणी असा खेळ चालवत असेल, तर त्याला नवे नकाशे नका देऊ, महागडे फासेही नकोत. फक्त ग्रुपवर 'रविवारी कोण कोण?' असं आलं की 'बघतो' लिहू नका आणि नुसता अंगठाही टाकू नका. हो किंवा नाही, एवढं शुक्रवारपर्यंत कळवा. भज्यांचं पीठ किती भिजवायचं ते ठरवावं लागतं.