अल्सरचं श्रेय

आपल्याकडे आजाराला औषध नंतर मिळतं, आरोपी आधी. सर्दी झाली की फ्रिजचं पाणी, मान धरली की मोबाइल. पोट बिघडलं तर मग माणसाचं अख्खं चरित्र चव्हाट्यावर येतं. मिसळ, जागरणं, टपरीवरचा चहा, तापट स्वभाव, सगळ्यांची उलटतपासणी होते. त्यातही साधी अ‍ॅसिडिटी कुणालाही होते, अल्सर व्हायला मात्र जबाबदारीचं पद लागतं, असं आमच्या बापूमामांचं ठाम मत होतं.

मामा डोंबिवलीतल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी. पद बिनपगारी, निवड बिनविरोध. बिनविरोध अशासाठी, की दुसरं कुणी उभंच राहत नाही. पार्किंग, पाण्याची वेळ, पहिल्या मजल्यावरच्यांचा लिफ्टच्या खर्चाला विरोध आणि खजिनदारांचा सगळ्यालाच विरोध, हे सारं मामा पोटात घालत आले. त्यामुळे रात्री दोनच्या सुमारास बरगड्यांच्या बेचक्यात जळायला लागलं, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. उलट जरा समाधानच वाटलं असावं.

दुखण्याची तऱ्हा मोठी विचित्र होती. पोट रिकामं झालं की दुखायचं, खाल्लं की थांबायचं. मग मामा अंधारात स्वयंपाकघरात जाऊन दुधात मारी बिस्किटं बुडवून खायचे आणि परत येऊन निजायचे. अल्सर लहान आतड्याच्या तोंडाशी असला तर बऱ्याचदा असंच होतं; जठरातला असेल तर बहुधा जेवणानंतर दुखतं. पण हे आम्हाला कुठे ठाऊक? महिन्याभरात मामांचं वजन वाढलं आणि ते आजारी आहेत यावर कुणाचा विश्वास बसेना. मामींचा तर बिलकुलच नाही. "अहो, दुखतंय म्हणता आणि डबा रिकामा करता, ही कुठली रीत?" असं त्या भर पाहुण्यांत विचारायच्या.

दुधाचं म्हणाल, तर मामा एकटे नव्हेत. १९१५ साली शिकागोच्या बर्ट्रम सिपी नावाच्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांना दर तासाला दूध आणि साय पाजायची पद्धत काढली, आणि ती पुढे कित्येक दशकं चालली. दुधानं घटकाभर थंड वाटतं हे खरं, पण ते पचवायला पोट पुन्हा आम्ल सोडतं. एवढी साय खाऊन त्या रुग्णांच्या हृदयाचं काय झालं असेल, याची मला जास्त काळजी वाटते.

मग एक दिवस मामा दुसऱ्या मजल्यावरच धापा टाकत बसले. चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो शौचाच्या रंगाचा. सर्वसाधारण सभेत दोन-दोन तास बोलणारे मामा या प्रश्नाला गप्प झाले. उत्तर मामींनी दिलं: "काळंकुट्ट. चार दिवस. लोहाच्या गोळ्या चालू नाहीत, तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगते." हिमोग्लोबिन आठावर आलं होतं. आत कुठेतरी रक्त झिरपत होतं आणि ते पचून काळं होऊन बाहेर पडत होतं.

दुर्बीण घातली. घशात बधिर करणारा फवारा, डाव्या कुशीवर झोपवणं, दातांत प्लास्टिकचं नळकांडं आणि "गिळा काका, गिळा, गिळा". काम आटोपलं पाच-सात मिनिटांत, पण मामांकडून ऐकलं तर त्यात एक ऑलिंपिक बसेल. रिपोर्टबरोबर चार रंगीत फोटो मिळाले. तिसऱ्यात गुलाबी आतड्यावर सेंटिमीटरभराचा खड्डा: पांढुरका तळ, लालसर सुजलेली कड आणि मधोमध एक काळपट ठिपका. रक्त तिथूनच येत होतं. तो फोटो मामांनी दिवाणखान्यात आल्यागेल्याला दाखवला. "हा बघा. सोसायटीनं पाडलेला."

या विधानाला डॉक्टरांनी सुरुंग लावला. त्यांनी पोटातला एक बारीक तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला होता आणि जेल गुलाबी झालं होतं. "हेलिकोबॅक्टर पायलोरी," ते म्हणाले. "जंतू आहे. आणि गुडघ्यासाठी गोळ्या किती दिवस घेताय?" मामा मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या अधिकारात डायक्लोफिनॅक आणत होते. रोज, उपाशीपोटी, कधी दोनदा.

मामांना हे समजावायची कामगिरी माझ्याकडे आली. सुदैवानं मामांना गच्चीची गळती कळते. मी म्हटलं, मामा, जठरातलं आम्ल मांस विरघळवेल इतकं तीव्र. मग ते जठरालाच का विरघळवत नाही? कारण आतून श्लेष्माचा थर आहे, म्हणजे वॉटरप्रूफिंग. त्या थरात क्षारही असतो, आलेलं आम्ल तिथल्या तिथे मारायला. हा जंतू पोटातल्या युरियापासून अमोनिया बनवतो, त्या अमोनियाच्या आडोशानं आम्लातून वाचतो आणि थरात घुसून तो पोखरतो. जेल गुलाबी झालं ते त्या अमोनियामुळेच. आणि तुमची गुडघ्याची गोळी काय करते? वॉटरप्रूफिंगची देखभाल ज्या रसायनांवर चालते, त्या प्रोस्टाग्लँडिनचं उत्पादनच बंद पाडते. मग आम्ल थेट स्लॅबवर. खड्डा खोल जाऊन रक्तवाहिनीला लागला तर रक्तस्राव, आरपार गेला तर भोक, आणि मग रातोरात ऑपरेशन.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे टेन्शनचा काही संबंधच नाही?"

हा प्रश्न जगानंही विचारला होता, रागानंच. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल म्हणू लागले की अल्सर जंतूमुळे होतो, तेव्हा डॉक्टरमंडळी त्यांना मोजायला तयार नव्हती. आम्लात जंतू जगेलच कसा? प्रयोगशाळेतही तो वाढेना, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की बश्या फेकून द्यायची पद्धत. १९८२ साली ईस्टरची सुट्टी जोडून आली, बश्या तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. जोडून आलेल्या सुट्टीचा मानवजातीला एवढा फायदा दुसरा झालेला मला माहीत नाही. तरी कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, बायकोला न सांगता. थोड्याच दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास; दुर्बिणीत जठराला सूज. अल्सरपर्यंत मजल गेली नाही, पण मुद्दा सिद्ध झाला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. बायको काय म्हणाली असेल याची कल्पना मामींनी लगेच करून दाखवली.

आपल्याकडे मिरचीवर खटला फार जुना. पण पश्चिम रेल्वेतले डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६०च्या दशकात रेल्वे कर्मचाऱ्यांचे अल्सर तपासले, तेव्हा दक्षिणेकडच्या भात खाणाऱ्यांत ते उत्तरेतल्या गहू खाणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. मिरची तर दोन्हीकडे. ती झालेल्या जखमेवर चुरचुरेल, पण जखम करत नाही. मामींनी हे ऐकून त्याच दिवशी ठेचा केला. मामांना दिला नाही.

मामांना सगळ्यात लागलं ते वेगळंच. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या घरात मिळतो. निम्म्याहून अधिक भारतीयांच्या पोटात तो आहे आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. म्हणजे ज्याला मामा सेक्रेटरीपदाचं मानचिन्ह समजत होते, तो चाळीतल्या बालपणापासूनचा फुकट्या पोटभाडेकरू निघाला. "टेन्शननं त्रास वाढू शकतो," असं डॉक्टर केवळ दया येऊन म्हणाले. मामांनी तेवढं वाक्य केस पेपरवर लिहून मागितलं.

दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी एक, असा चौदा दिवसांचा कोर्स झाला. तोंड कडूजहर. गुडघ्याची गोळी बंद, त्यामुळे मामा लंगडत आणि जास्तच चिडत. पोट मात्र शांत. रात्री दोनला बिस्किटांचा डबा वाजेना.

एवढ्यात भाजीच्या गाडीवर मामींनी ही जंतूची हकिकत खजिनदारांच्या बायकोला सांगितली आणि पुढच्या रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा होती. विषय क्रमांक १: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गेल्या वर्षी मामांनी त्यात स्वहस्ताक्षरात नोंदवलं होतं: 'सेक्रेटरींच्या पोटाच्या विकारास खजिनदारांचे असहकार्य कारणीभूत असल्याचे निदर्शनास आणून देण्यात आले.' खजिनदार उठले. विकाराचं कारण जंतू असल्याचं आता वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध झालं असून सदर वाक्य वगळावं, अशी त्यांनी मागणी केली. मामांनी केस पेपर वर धरला. त्रास वाढू शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. शिवाय जंतू गेला की नाही, हे कोर्सनंतर चार आठवड्यांनी श्वास तपासल्यावरच कळतं. अहवाल येईपर्यंत वाक्य जसंच्या तसं राहील.

यावर पावणेदोन तास चर्चा झाली. गच्चीच्या गळतीचा विषय वेळेअभावी घेता आला नाही.