यादीमास्तर

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक यादीमास्तर असतो. पगारपत्रकावर त्याचा हुद्दा भारदस्त असतो, पण खरं काम एकच: कंपनीचे सर्व्हर कोणते, कुठले आणि कशासाठी, याची यादी खरी ठेवणं. आमचा यादीमास्तर जोयडा तालुक्यातल्या रामनगरचा. कंपनी पुण्यात, हा घरून काम करतो. मीटिंगमध्ये त्याचा चेहरा क्वचितच दिसतो. दिसतं ते नावाचं पहिलं अक्षर, आणि तेही रेंज असेल तर.

नवा प्रोग्राम शंभर मशिनांवर चढवायचा तर हल्ली कुणी शंभर ठिकाणी हात लावत नाही. ते काम अ‍ॅन्सिबलसारखं साधन करतं. २०१२ साली आलेलं हे साधन कमालीचं आज्ञाधारक आहे. यादीत नाव असेल तिथे जातं, नसेल तिथे जात नाही, आणि स्वतःहून काही विचारत नाही. ही यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल: चौकोनी कंसात गटाचं नाव, खाली सर्व्हरांची नावं. कुणीही उघडावी, कुणीही भर घालावी. त्यामुळे नाव घालायला सगळे पुढे असतात आणि काढायच्या वेळी सगळ्यांना चहा आठवतो. ‘टेस्ट२’ असतो, ‘टेस्ट२-नवीन’ असतो, ‘टेस्ट२-नवीन-फायनल’ही असतो. ‘हात-लावू-नये’ नावाचा एक असतो. तो कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसतं, पण लावलेल्याचं काही भलं झालं नसावं असा सार्वत्रिक समज असतो.

यादीमास्तर हात लावतो. “मालक कोण?” हा त्याचा नमस्कार आणि “टेस्टचा की प्रॉडक्शनचा?” ही त्याची ख्यालीखुशाली. ही सवय घरीही सुटत नाही. चुलत बहिणीच्या लग्नात आमंत्रणांची यादी त्याच्या हाती गेली, तर त्याने प्रत्येक नावापुढे ‘शेवटचं कधी भेटले’ असा रकाना आखला. दोन काका गेल्याच दिवाळीत वारल्याचं त्यात निघालं. एक आत्या मात्र ठणठणीत असून गेली दहा वर्षं यादीतच नव्हती. तिने लग्नात त्याला शंभराची नोट दिली आणि त्याच्या आईला चार शब्द सुनावले.

हे वेड त्याला कॉलेजात लागलेलं नाही, मातीतूनच आलंय. त्याचं आजोळ सुप्याचं. काळी नदीवर १०१ मीटर उंच धरण झालं, जुनं सुपा पाण्याखाली गेलं, बरीच घरं रामनगरला आली आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला. गाव बुडालं, नाव नाही बुडालं. २०११च्या जनगणनेतही तालुका ‘सुपा’च. यादीमास्तर म्हणतो, “आमच्याकडे अख्खं गाव पाण्याखाली असून कागदावर कोरडं आहे. तुमच्या टेस्ट२चं काय घेऊन बसलात?”

कागदावर आहे म्हणजे आहेच असं नाही, हा जोयड्याचा पहिला धडा. दुसरा याच्या उलट, आणि तो रेंजने शिकवला. काम संपलं की अ‍ॅन्सिबल हिशेब मांडतं, त्यात ‘फेल्ड’चा आकडा वेगळा आणि ‘अनरीचेबल’चा वेगळा. शहरातल्या पोरांना दोन्ही सारखेच: उत्तर नाही ना, काढून टाका. हा अडून बसतो. पावसाळ्यात जंगलात एक झाड वायरीवर आडवं झालं की वीज जाते, मागोमाग टॉवर जातो, आणि दोन दिवस कुणाचाच फोन लागत नाही. म्हणून काय सगळ्यांचं तेरावं घालायचं? असा एक न बोलणारा सर्व्हर त्याने हट्टाने ठेवला होता. तो फक्त महिनाअखेरीला चालू व्हायचा आणि सगळ्यांचे पगार काढायचा.

कुणी फारच हसलं तर तो नाइट कॅपिटल काढतो. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर दलाल कंपनी. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, चढला सातांवर. आठव्यावर जुनं, वर्षानुवर्षं न वापरलेलं कलम जागं झालं आणि बाजारात भराभर सौदे करत सुटलं. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. “सात आणि आठ,” तो म्हणतो, “बालवाडीतला हिशेब.” मग कुणी हसत नाही. पुढच्या मीटिंगला मात्र त्याला बोलवायचं विसरतात.

गेल्या जुलैत तो रजेवर होता आणि नेमका तेव्हा पाऊस लागला. चार दिवस फोन बंद. नव्या पोराने दोन मेल टाकले, उत्तर नाही, म्हणून यादी सांभाळणाऱ्यांमधून त्याचंच नाव काढलं आणि त्याचा पासवर्ड बंद केला. पाचव्या दिवशी रेंज आली तसा आमच्या मोबाइलवर यादीमास्तरचा मेसेज आला. आता हा राजीनामा देणार, निदान शिव्या तरी देणार, म्हणून आम्ही सगळे सरसावून बसलो.

त्याने एवढंच लिहिलं होतं: “नाव काढलंत, हरकत नाही. कारणाचा रकाना रिकामा का?”