दोन मिनिटं बोलू का?

मला कर्ज नको आहे, हे माझ्या बायकोला ठाऊक आहे, सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. ज्यांना ते द्यायचंय त्यांनाच पटत नाही.

"सर, तुमचं पाच लाखांचं लोन प्री-अप्रूव्ह झालंय."

"पण मी अर्जच केला नव्हता."

"म्हणूनच तर, सर!"

यावर काय बोलणार? मागे कधीतरी खरोखर कर्ज मागायला गेलो, तेव्हा जामीनदार आणा, मग जामीनदाराची पगारपत्रकं आणा, असं चाललं होतं.

अनोळखी नंबर उचलूच नये, असा सल्ला देणाऱ्यांच्या घरचा सिलिंडर कधी संपत नसावा. सिलिंडरवाला, कुरिअरवाला, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा, सगळे अनोळखी नंबरवरूनच येतात. शिवाय एकदाच रिंग देतात. उचललं नाही की "घरी कोणी नव्हतं" असा शेरा मारून पसार. त्यातल्या कोणालाही माझं नाव धड माहीत नसतं, "ओ, बी विंग कुठं आली?" एवढीच ओळख. याउलट ज्याच्याशी माझं काडीचं काम नाही, तो वडिलांच्या नावासकट मला संपूर्ण ओळखतो.

सरकारनं बंदोबस्त केलेला नाही, असं नाही. 1909 वर 'स्टार्ट 0' असा मेसेज पाठवला की जाहिरातींचे फोन बंद व्हावेत, अशी ट्राय या दूरसंचार नियामकाची व्यवस्था आहे. टेलिमार्केटिंगवाल्यांना 140 नं सुरू होणारे नंबर दिले, ते आपल्याला ओळखता यावेत म्हणून. आपण ओळखू लागलो. मग त्यातले पुष्कळजण साध्या दहा आकडी नंबरांवरून बोलू लागले. तक्रार करता येते. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, 2025 मध्ये मुदत सात दिवस झाली. नंबर, तारीख, विषय असं सगळं लिहीत बसलो की मध्येच फोन वाजतो. कोणाचा, ते सांगायला नको.

ईमेलचं दुखणं आणखी जुनं. 1978 साली गॅरी थर्क नावाच्या अमेरिकन विक्रेत्यानं कॉम्प्युटर खपवायला सुमारे 400 जणांना एकच पत्र धाडलं. लोक भडकले, आणि म्हणे मालही खपला. घात केला तो या दुसऱ्या गोष्टीनं.

फोनवर हल्ली मी एक तोड काढली होती. "दो मिनट बात कर सकते हैं?" आलं की ठणकावून सांगायचं, "मराठीत बोला." बहुतेकजण फोन ठेवत. परवा मात्र पलीकडून "होल्ड कीजिए" आलं, आणि मग एक गोड, बार्शीकडचा वाटणारा आवाज.

"बोला दादा, जेवण झालं का?"

दादा म्हटल्यावर फोन आपटता येतो का?

"ताई, मला कर्ज नकोय हो."

"असू द्या दादा. पण शीटमध्ये काहीतरी भरावंच लागतं. 'विचार करतायत' लिहू?"



"नको, 'नको' लिहा."

"तो कॉलमच नाहीये, दादा."