लाल कार्ड

मोटरहोम विकत घेताना माणूस पलंग बघतो. पलंग, शेगडी, फ्रीज, बाहेर ओढायचं छत. आणि मराठी माणूस असेल तर देवाचा फोटो कुठे लागेल तेही बघून ठेवतो. पलंगाखाली दीडशे लीटरची प्लास्टिकची टाकी असते, तिच्याकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नाही. विकणाऱ्या गृहस्थांनी ‘दर मोसमाला टाकी निर्जंतुक करून घ्या’ असं बजावलं होतं. मी मान डोलावली. परदेशात निम्मे व्यवहार मी मान डोलावूनच करतो.

खरं तर पाण्याच्या बाबतीत मी इतका अडाणी निघायला नको होतो. मी सोलापूरचा. नळाला पाणी यायचं ते दिवसाआड, आणि आलं की घरातली यच्चयावत भांडी भरली जायची. पण हंडा घासल्याशिवाय आजी त्यात नवं पाणी ओतू द्यायची नाही. शिळं पाणी तुळशीला. त्याच आजीचा हा नातू ऑगस्टात भरलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत न्यू जर्सीभर हिंडवत होता. पॅनेलवरचा दिवा टाकी दोन तृतीयांश भरलेली दाखवायचा आणि एवढं पाणी ओतून द्यायला सोलापूरकराचा जीव होईना. पुढे कळलं की त्या दिव्याचे सेन्सर टाकीच्या भिंतीला असतात आणि भिंतीवर शेवाळी थर चढला की ते रिकाम्या टाकीलाही भरलेली म्हणतात.

मग हिवाळा आला. इथे नळ्यांतलं पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून गाडी उभी करण्याआधी त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. इंजिनातलं नव्हे, ते विषारी. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पाण्याच्या नळ्यांसाठीच बनवलेलं. ते टाकीत ओतायचं नसतं. पंपाच्या अलीकडे एक छोटी नळी जोडून थेट नळ्यांत ओढून घ्यायचं. गिझरची सहा गॅलनची टाकी वगळण्यासाठी एक व्हॉल्व्हही फिरवायचा असतो. एवढं केलं की दोन-तीन गॅलनमध्ये भागतं. मी व्हॉल्व्ह फिरवला नाही, आणि बाहेरचं झाकण उघडून सगळं टाकीत ओतलं. नळाला गुलाबी धार काही येईना. पुन्हा दुकानात गेलो, पुन्हा ओतलं. दुकानदार माझ्याशी फारच आदरानं बोलायला लागला. माझ्याकडे गाड्यांचा ताफा आहे असा त्याचा समज झाला असावा.

वसंतात नळ सोडून ठेवले, पाणी रंगहीन झालं, आणि मी टाकी स्वच्छ झाल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास सासरे आले. आप्पा सातारा जिल्ह्यातले निवृत्त ग्रामसेवक. उभी हयात गावाच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली की नाही हे बघण्यात गेलेली. मला वाटलं, निसर्ग दाखवू, माणूस खूश होईल.

डेलावेअर वॉटर गॅपला पहिला मुक्काम. धुकं, नदी, हरणं. सकाळी मी स्वतः चहा केला.

“जावईबापू, साखर घातलीत?”

“नाही आप्पा, तुमचा बिनसाखरेचा.”

“मग गोड कशानं लागतोय?”

ग्लायकॉल किंचित गोड असतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे ‘इकडचं दूधच गोड असतं’ असं मी आत्मविश्वासानं सांगितलं. आप्पांनी कप खाली ठेवला. नदीकडे काही ते बघत नव्हते. कपातच बघत होते.

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज. “अरे, आज संकष्टी आहे आणि तू अंडी उकडतोयस?”

अंडी गाडीत नव्हतीच. पण माझा पूर्वेतिहास पाहता माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही. डबे उघडून झाले, कचऱ्याची पिशवी हुंगून झाली. शेवटी आप्पा उठले, एकेक नळ सोडून त्याखाली नाक नेऊ लागले आणि मिनिटभरात म्हणाले, “गारला वास नाही. गरमलाच आहे. गिझर बघा.”

तिथे खरोखर गंमत होती. आमच्या गिझरच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी असते. लोखंडी टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. कोमट पाणी साचून राहिलं की त्यात काही जिवाणू वाढतात, ते पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, आणि ही कांडी त्यांना हातभारच लावते. तोच तो नासक्या अंड्याचा वास. त्या दिवशी माझी निर्दोष सुटका झाली. पण आता गाडीत जिवाणू आहेत म्हटल्यावर अंडी परवडली असं सगळ्यांचं मत पडलं.

आप्पांनी लाल कागद मागितला. महाराष्ट्रात पावसाळ्याआधी आणि नंतर गावोगावचे पाण्याचे स्रोत तपासतात आणि ग्रामपंचायतीला जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. पिझ्झाच्या कूपनच्या मागचा लाल भाग कापून आप्पांनी तो आमच्या फ्रीजला चुंबकानं चिकटवला. वर तारीख टाकली, खाली सही केली. “वैयक्तिक घेऊ नका,” म्हणाले. “सरपंचालाही देतो आम्ही.”

त्या रात्री मी फोनवर वाचत बसलो, ही आणखी एक चूक. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली आणि त्यातून लीजनेला नावाचा जिवाणू सापडला. तो साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि पिण्यातून नव्हे, तर शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून आत जातो. फिलाडेल्फिया आमच्या घरापासून दीड तासावर! दुसऱ्या दिवशी मी शॉवरवर बंदी घातली. लाखाच्या गाडीत, तीही डॉलरातल्या, आम्ही बाहेरून आणलेल्या पाण्यानं बादली-तांब्याची अंघोळ केली.

घरी परतल्यावर मी ठरवलं की आप्पा उठायच्या आत ही टाकी निर्जंतुक करून दाखवायची. कृती सोपी आहे: दर १५ गॅलनला पाव कप साधं ब्लीच. माझी टाकी चाळीस गॅलनची, म्हणजे पाऊण कपाच्याही आत. पण आमटीत मीठ सोडून बाकी सगळ्या बाबतींत माझा हात सैल आहे. शिवाय दुकानात साधं ब्लीच आणि लॅव्हेंडरच्या वासाचं, न उडणारं ब्लीच शेजारी-शेजारी होतं आणि लॅव्हेंडरवर सूट होती. ते ‘न उडणारं’ व्हावं म्हणून त्यात दाटपणा आणणारी द्रव्यं घालतात आणि त्यांचा फेस होतो. जंतू मारायला ते वापरू नका असं बाटलीमागे छापलेलंही होतं. मी बाटलीची पुढची बाजू वाचली होती.

ब्लीच ओतलं, वरून पाणी सोडलं, पंप चालू केला. आता प्रत्येक नळाला क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, गार आणि गरम दोन्ही. मी नळाखाली नाक नेलं. वासच नाही. आणखी ब्लीच. तरी नाही. आणखी. वास न येण्याचं कारण पंपाच्या पुढेच बसलेलं होतं: सक्रिय कोळशाचा फिल्टर. क्लोरिन शोषून घेणं हेच त्याचं काम. ते काम तो इमानेइतबारे करत होता, आणि मी त्याला काढून ठेवण्याऐवजी बाटलीमागून बाटली भरवत होतो.

नळ गप्प होता, पण टाकी नव्हती. तिच्या हवेच्या नळीतून आधी एक बुडबुडा आला, मग चार, आणि मग दूध उतू जावं तसा जांभळट वासाचा फेस गाडीच्या पोटाखालून ड्राइव्हवेवर पसरायला लागला. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायचा थांबला आणि शिंकायला लागला. मी फेसावर पाणी मारलं. फेसावर पाणी मारल्यानं काय होतं, हे वयाच्या या टप्प्यावर मला माहीत असायला हवं होतं.

आप्पा मफलर गुंडाळून बाहेर आले.

“काय चाललंय?”

“क्लोरिनेशन, आप्पा.”

त्यांनी हवा हुंगली. “वास कसला?”

“लॅव्हेंडर.”

आप्पा बराच वेळ फेसाकडे बघत राहिले. “आम्ही विहिरीत साधी टीसीएल टाकायचो,” ते शेवटी म्हणाले. “गावानं कधी सुवासिक मागितली नाही.”

तिथून पुढे कारभार त्यांच्या हातात गेला. सगळी टाकी रिकामी केली आणि फेस संपेपर्यंत धुतली. फिल्टर काढला. गिझरची कांडी काढल्यावर भोकातून पांढरा, वाळूसारखा गाळ निघाला; कांडीची तार तेवढी उरली होती, नवी घातली. मी आजवर पाणी भरायला वापरलेला बागेचा हिरवा पाइप आप्पांनी दोन बोटांत धरून झाडांकडे परत पाठवला आणि पिण्याच्या पाण्यासाठी असतो तो पांढरा आणायला लावला.

मग दुकान. स्विमिंग पूलच्या सामानाच्या रांगेत आप्पा एकदम थबकले. एका डबीत ऑर्थोटोलिडीनची छोटी बाटली, काचेची नळी आणि पिवळ्या रंगाच्या छटांची पट्टी होती. “अहो, ही तर आपली ओटी!” गावात नळाच्या पाण्यात या औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतात, आला तर पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे. आख्ख्या अमेरिकेत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी ओळखीचं भेटलं होतं.

साधं, बिनवासाचं, ताजं ब्लीच आलं. जुन्या बाटलीचा जोर उतरतो, हे टीसीएलच्या पोत्यांनी त्यांना केव्हाच शिकवलेलं. मात्रेवरून मात्र आमचं वाजलं. त्यांचा हिशोब हजार लीटरला पाच ग्रॅम टीसीएल आणि तासभर थांबायचं. मी सांगितलं, ते रोज प्यायच्या पाण्याचं. टाकी धुताना क्लोरिन लीटरला पन्नास-साठ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, काही तास मुरवतात आणि मग सगळं ओतून देतात. इथे पिण्याच्या पाण्यात मर्यादा चार मिलिग्रॅमची आहे. आप्पांनी कागदावर आकडे मांडले, दोनदा तपासले आणि म्हणाले, “बरोबर आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून तपासलं.”

रात्रभर मुरवून, वास जाईपर्यंत धुऊन, ताजं पाणी भरून आम्ही कॅट्सकिल्सकडे निघालो. हायवे २८७ वर बूंटनपाशी जर्सी सिटीचा जलाशय लागतो. मी गाडी हळू केली. माझ्याकडेही एक गोष्ट होती. अमेरिकेत शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरिन घालायला सुरुवात झाली ती इथे, १९०८ साली. जॉन लील नावाच्या डॉक्टरनं शहराला न विचारता ब्लीचिंग पावडरचा डोस सुरू केला. पाणी कंपनी आणि शहर यांच्यात कज्जा आधीच चालू होता. त्यात लीलला कोर्टात उभं राहून सांगावं लागलं की हे पाणी सुरक्षित आहे, मी ते घरच्यांनाही देईन. निकाल त्याच्या बाजूनं लागला.

आप्पा खिडकीतून जलाशय मागे जाईपर्यंत बघत होते. “ठराव घेतला नव्हता?”

“नाही.”

“ग्रामसभासुद्धा नाही?”

“नाही, आप्पा.”

“निलंबित झाला असता,” ते कौतुकानं म्हणाले.

मुक्कामाला पोचल्यावर ओटी झाली. फिकट पिवळा रंग आला. चहा गोड लागला नाही. मी फ्रीजवरचं लाल कार्ड काढायला हात पुढे केला, तर आप्पांनी पिवळा कागद काढला. हिरवं का नाही? तर टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी नव्हती. किडा-मुंगी आत जाईल. “जाळी बसवा, फेरतपासणी करू.”

त्यांनी माझे फोटो काढले होते: रबरी हातमोजे घालून गाडीखाली पालथा पडलेला मी, हातात ओटीची नळी, मागे फेसाचे अवशेष. ते त्यांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले, खाली ‘अमेरिका येथील पाणीपुरवठ्याची पाहणी’. सरपंचांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. एकानं विचारलं, तिकडं टँकर चालू झाले का. आणि सध्याच्या ग्रामसेवकानं लिहिलं, “साहेब, पाणी भरणारा कर्मचारी प्रशिक्षित आहे का?” आप्पांनी चष्मा सावरून, एकेक अक्षर दाबत उत्तर टाइप केलं: “हंगामी आहे.”