पाच मिनिटांचं अ‍ॅमस्टरडॅम

(स्थळ : ठाण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल. वेळ : रविवार संध्याकाळ, म्हणजे सोमवारी शाळेत न्यायच्या सगळ्या गोष्टी आठवण्याची अधिकृत वेळ. पात्रं दोनच. नववीतला नातू पंख्याखाली कागद घेऊन उभा. बँकेतून निवृत्त झालेली आजी खुर्चीत वाल सोलत बसलेली.)

नातू : अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो...

आजी : अध्यक्ष कोण आहे?

नातू : कोणी नाही. वर्गातच बोलायचंय. पण सुरुवात अशीच असते.

आजी : आणि बालमित्र? तुमच्या वर्गात निम्म्यांना मिशा फुटल्यात.

नातू : आजी, तू फक्त घड्याळ लाव. पाच मिनिटं. आवाजाला दोन गुण, हावभावांना दोन, वेळेला दोन आणि माहितीला चार. विषय आहे, 'मी केलेली आभासी संग्रहालय भेट'. ऐक. "नेदरलँड्समधील राइक्सम्युझियममध्ये पाऊल टाकताच माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. तेथील भव्यतेने मी भारावून गेलो. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या जगप्रसिद्ध चित्रासमोर मी किती वेळ उभा होतो, ते माझे मलाच कळले नाही. रात्रीच्या काळोखात पहारा देणारे ते शूर सैनिक..."

आजी : कधी गेलास तू?

नातू : आभासी म्हणजे जायचं नसतं गं. वेबसाइटवर बघायचं.

आजी : बरं, मग कधी बघितलंस?

नातू : बघायचंय अजून. आधी पाठ करतो, मग वेळ उरला तर भेट.

आजी : म्हणजे रोमांच आधीच उभे करून ठेवलेत.

नातू : ते एआयनं लिहून दिलंय. सगळ्यांचं तसंच असतं. परवा एक जण व्हिएन्नाच्या मैफलीनं भारावून गेला, एक जण लूव्रनं. बाईसुद्धा भारावल्या.

आजी : मी गेले आहे त्या संग्रहालयात.

नातू : (कागद खाली) काय सांगतेस! तुमच्या युरोप टूरला? मग सांग ना, कसं आहे?

आजी : स्वच्छतागृह फार छान आहे.

नातू : आजी!

आजी : मग काय सांगू? पाऊण तास दिला होता आम्हाला. त्यातला निम्मा त्या रांगेत गेला, कारण पुढे बसमध्ये सोय नव्हती. उरलेल्या वेळात आमच्या ग्रुपमधले एक काका हरवले. ते सापडले खालच्या दुकानात, लाकडी ट्यूलिपची किंमत रुपयांत करत उभे होते.

नातू : पण नाइट वॉच पाहिलंस ना?

आजी : त्याच्यासमोर उभ्या असलेल्या लोकांची डोकी पाहिली. एक फोटो आहे. त्यात मी आहे, माझी पर्स आहे आणि मागे फ्रेमचा कोपरा आहे.

(हा फोटो घरात पाच वर्षं फ्रिजवर चिकटवलेला होता. घरच्यांच्या मते तो पर्सचा होता.)

नातू : म्हणजे तू जाऊन बघितलं नाहीस आणि मी न जाता बघितलं नाही. फिट्टंफाट. लाव घड्याळ.

आजी : घड्याळ राहू दे. ते चित्र काढ तुझ्या टॅबवर. मी आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्या. मूळ कागद समोर नसताना शेरा मारलेला मला चालत नाही.

(नातू कुरकुरत टॅब उघडतो. आजी वालाची परात बाजूला सरकवते आणि चष्मा बदलते. वाचायचा चष्मा निराळा, लांबचा निराळा. आभासी संग्रहालयाला यातला कोणता, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.)

नातू : हे बघ. २०२२ साली त्यांनी याचा फोटो टाकला, ७१७ अब्ज बिंदूंचा. ८,४३९ फोटो काढून एकाला एक जोडले. एकेक बिंदू रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षा लहान आहे.

आजी : आणि मी पंधरा फुटांवरून चष्मा पुसत होते! चित्र आहे केवढं?

नातू : रुंदी साधारण साडेचार मीटर, उंची पावणेचारच्या थोडी वर.

आजी : पंधरा फूट रुंद. आपल्या या भिंतीवर मावायचं नाही. भिंत पाडावी लागेल.

नातू : त्यांनी भिंत नाही पाडली. चित्रच कापलं.

आजी : कोणी?

नातू : १७१५ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं. जागेत बसेना, म्हणून चारही बाजूंनी पट्ट्या कापल्या. डावीकडची सगळ्यात मोठी. तिच्याबरोबर दोन माणसं गेली.

आजी : अगंबाई! माणसं गेली आणि कोणी काही बोललं नाही?

नातू : पट्ट्या आजपर्यंत सापडल्या नाहीत. पण कापण्याआधी दुसऱ्या एका चित्रकारानं छोटी नक्कल करून ठेवली होती. तिच्यावरून २०२१ मध्ये एआयकडून हरवलेले भाग तयार करून घेतले आणि काही महिने चित्राच्या कडांना लावले. बघ! त्यांनीपण एआयच वापरलं.

आजी : चित्र समोर होतं ना त्यांच्या? जेवढं गेलं तेवढंच भरून काढलं. तुझं तर सगळंच कापलेलं आहे. आता तो मधला काळ्या कपड्यातला मोठा कर. लाल पट्टा घातलेला. कोण हा?

नातू : कॅप्टन, फ्रान्स बानिंक कॉक. शेजारी पिवळ्या कोटातला त्याचा लेफ्टनंट.

आजी : कॅप्टनचा हात पुढे आलाय आणि त्या हाताची सावली पडलीय लेफ्टनंटच्या कोटावर. दिसली? बोटंसुद्धा मोजता येतील.

नातू : हो की. मस्त आहे.

आजी : मस्त काय? तुझ्या भाषणात काळोख आहे. काळोखात सावली कुठून पडली?

नातू : (शोधतो) थांब... लिहिलंय इथे. हे दिवसाचंच चित्र आहे. वरचं रोगण काळवंडत गेलं, म्हणून लोकांना रात्र वाटली. 'नाइट वॉच' हे नाव पुढे दीडेकशे वर्षांनी पडलं. आजी, तू न वाचता ओळखलंस!

आजी : खाडाखोड ओळखणारीला सावली ओळखणं जड नाही. काळोख खोड. आणि 'पहारा' पण खोड. हे पहारा कुठे देतायत? हा बंदूक भरतोय, तो दुसरीकडेच बघतोय, एक ढोल बडवतोय, ढोलाशी कुत्रं भुंकतंय. आपल्या सोसायटीची मिरवणूक निघायच्या आधी अशीच अवस्था असते. सगळे आलेत, पण निघत कोणी नाही.

नातू : हे नागरिकांचं पथक होतं, शहराच्या रक्षणासाठी. आपल्या सभागृहात लावायला त्यांनी स्वतःचं चित्र काढून घेतलं. पैसे वर्गणीतून.

आजी : (पुढे सरकून) वर्गणी? किती?

नातू : माणशी सरासरी शंभर गिल्डर. पण जागेप्रमाणे कमी-जास्त.

आजी : हे आधी सांगायचंस! म्हणजे पुढे उभा त्याला जास्त, मागे उभा त्याला कमी. आता मला चित्र कळायला लागलं. तो मागचा बघ. समोरच्याच्या आडव्या हातामागे अर्ध्या तोंडाचा. त्याच्या डोळ्यात दिसतंय, पैसे भरलेत आणि चेहरा झाकला गेलाय. वार्षिक सभेत हाच उभा राहिला असणार.

नातू : चित्रात एकूण चौतीस जण. पण वर ती ढाल आहे ना, तिच्यावर अठराच नावं आहेत. ती पण नंतर कोणीतरी लिहिली.

आजी : थकबाकीदार कोण, यावरून वाद झाला असेल. नाहीतर उगाच कोण नावं लिहितंय.

नातू : हे मी वर्गात सांगू शकत नाही.

आजी : शंभर गिल्डर सांग. बाकीचं मुलं हसून समजतील. आणि ही कोण? एवढ्या पुरुषांत सोनेरी झग्यातली छोटी मुलगी? हिनं नाही वर्गणी भरली.

नातू : तिला मोठी कर. कमरेला बघ.

आजी : कोंबडी! उलटी टांगलेली. मटण मार्केटमधून आल्यासारखी.

नातू : कोंबडीच्या नख्या हे त्या पथकाचं चिन्ह होतं म्हणे.

आजी : असेल. पण मूल एवढं झगमगीत, हातात वजन, आणि एकाचंही लक्ष नाही तिच्याकडे. आणि तिच्यापासून चार पावलांवर तो पानांचं शिरस्त्राण घातलेला मनुष्य काय करतोय? बंदूक उडवतोय! लेफ्टनंटच्या कानामागे! ढकल रे ते चित्र जरा उजवीकडे... धूर दिसतोय बघ. आणि लेफ्टनंट मख्ख.

नातू : मी हे कधी... आजी, हे एआयनं सांगितलंच नव्हतं.

आजी : त्याला विचारलं होतंस का? तू मागितले रोमांच, त्यानं दिले रोमांच.

नातू : पण नक्कल काय वाईट नाही हं. रेम्ब्रांटनंसुद्धा केलीय. भारतातल्या मुघल चित्रांवरून त्यानं केलेली वीसहून जास्त रेखाटनं आजही आहेत.

आजी : तो आला होता इकडे?

नातू : नाही. डच जहाजांतून चित्रं तिकडे गेली असणार.

आजी : जातीलच. माझ्या माहेरी वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. पडकी आहे आता, भिंती उभ्या आहेत. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. म्हणजे तोही घरबसल्या बघत होता म्हण आपल्याकडचं. पण चित्र समोर ठेवून बघत होता. आधी चित्र न बघताच भारावला नव्हता.

नातू : बरं, बरं. मग आता भाषणात काय काय ठेवू?

आजी : सही ठेव. केलीय का त्यानं?

नातू : आहे. खाली पायरीवर. रेम्ब्रांट आणि १६४२.

आजी : (बराच वेळ बघून) ठीक आहे. पास करायला हरकत नाही.

(इथे आजीनं मान डोलावली. नातवाच्या माहितीप्रमाणे ही मान याआधी सुनेच्या स्वयंपाकालाही कधी डोललेली नाही.)

नातू : सुरुवात अशी करतो. "या चित्राला लोक रात्रीचं म्हणतात. पण मला कॅप्टनच्या हाताची सावली दिसली..."

आजी : 'मला' काय? मला दिसली.

नातू : गुण मला मिळणार आहेत, आजी.

आजी : मग 'माझ्या आजीला' म्हण. माहितीचे चार त्यातच मिळतील.

नातू : मग वर्गणी, मग कापलेली माणसं, मग कोंबडी. दुसऱ्या महायुद्धात हे चित्र गुंडाळून गुहेत लपवलं होतं, ते घालू?

आजी : पंधरा फुटांचं? सतरंजीसारखं?

नातू : नळीवर गुंडाळून. आणि १९७५ मध्ये एकानं सुरीनं वार केले. १९९० मध्ये एकानं त्यावर अ‍ॅसिड फवारलं.

आजी : काय सोसलंय या चित्रानं! पण पाच मिनिटांत एवढं बसणार नाही. सुरी ठेव, अ‍ॅसिड काढ.

नातू : मग वेळ लाव. बोलतो सलग.

(नातू बोलतो. सावलीपाशी थांबतो, हात पुढे करून दाखवतो, वर्गणीला स्वतःच हसतो. आजी घड्याळाकडे बघत नाही. ती टॅबवर आहे.)

नातू : किती झाले?

आजी : काय किती?

नातू : मिनिटं!

आजी : मी लावलंच नाही. पण साडेबारा असतील. बाई उठवतील तुला मुलीपाशीच, बंदुकीपर्यंत पोचणारच नाहीस.

नातू : काहीतरी काढायला हवं. 'अध्यक्ष महोदय' काढलं तर?

आजी : तेच आधी काढ. चार सेकंद वाचतील. आणि 'भारावून गेलो' कुठे घालणार आहेस?

नातू : घालतच नाहीये. जागाच नाही. ...आजी, टॅब दे ना, मला मुद्दे लिहायचेत.

आजी : थांब जरा. आमच्या टूरच्या ग्रुपवर टाकलंय मी. म्हटलं, आपण अ‍ॅमस्टरडॅमला नाइट वॉच बघितलं, त्यात एक जण लेफ्टनंटच्या कानाशी बंदूक उडवतोय, कोणाच्या लक्षात आलं होतं का?

नातू : काय म्हणतायत?

आजी : दोघींनी गुलाबाची फुलं पाठवलीत. काकांनी लाकडी ट्यूलिपचा फोटो टाकलाय, अजून रंग तसाच आहे म्हणतात. आणि एक विचारतेय, "नाइट वॉच म्हणजे नाणं न टाकता दार उघडत होतं, तेच ना?"