सर्व्हर तुमचा बंद पडला, शेगडी आमची का विझावी?

स्मोकरचा वायफाय नियंत्रक विकून त्याचा सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीच्या चालकांस,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कारा'ने करायची आमच्याकडे रीत आहे. तुमच्यासाठी मी ती पाळणार नाही. तुम्ही आम्हाला मांस धुरावर मंद शिजवणाऱ्या कोळशाच्या स्मोकरला लावायचा तापमान नियंत्रक विकलात, पूर्ण पैसे घेतलेत आणि मग एके दिवशी मेल पाठवून कळवलेत की अमुक तारखेपासून सर्व्हर बंद, ॲप बंद. त्याच मेलच्या तळाशी नव्या मॉडेलवर सवलत जाहीर केली होतीत. चालते यंत्र आपल्याच हाताने मारायचे आणि तिथल्या तिथे दुसरे विकायला उभे राहायचे, याला लागणारा निगरगट्टपणा तुमच्याकडे भरपूर आहे.

यंत्र बिघडलेले नाही, हे आधी सगळ्यांना कळू दे. त्याचा पंखा ठणठणीत आहे, प्रोब अचूक तापमान मोजतात, वीज जोडली की दिवाही लागतो. पण डब्यावर एकही बटण नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही. तापमान किती ठेवायचे हे फक्त ॲपमधून सांगता येते, आणि ॲप तुमच्या सर्व्हरवर खाते उघडल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून धडधाकट डबा गॅरेजच्या फळीवर पडून आहे. ज्याने आयुष्यात एकदाही रात्रभर आग राखली असेल, तो माणूस असा डबा बनवणार नाही.

आग राखणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगणे भाग आहे. मी टेक्सासमध्ये राहते. इथे बार्बेक्यू म्हणजे जाळीवर दहा मिनिटांत भाजलेले तुकडे नव्हेत. लॉकहार्टची क्रॉइझ मार्केट ही बार्बेक्यूची खानावळ 1900 साली सुरू झाली, टेलर गावची लुई म्युलर 1949 साली. आणि आजही तिथे पोस्ट ओकच्या लाकडावर तासन् तास मांस शिजत असते. लेक्झिंग्टनला स्नोज नावाचे ठिकाण आहे, ते फक्त शनिवारी उघडते. तिथल्या टूट्सी टोमानेट्झ या बाई ऐंशी उलटल्यावरही मध्यरात्रीनंतर कामाला लागून फावड्याने निखारे ओढत आल्या आहेत. त्यांना नियंत्रकाची गरज नाही. त्यांचे हात आणि डोळेच तापमान ओळखतात. आम्ही दिवसभर नोकरी करून शनिवार-रविवारी मित्रमंडळींसाठी अंगणात स्मोकर पेटवणारी माणसे. कुणी ब्रिस्केट, म्हणजे गायीच्या छातीचे मांस, करतो, आमच्याकडे बहुतेक वेळा डुकराचा खांदा असतो. टूट्सीबाईंची कला अंगी नाही, पण जेवायला येणाऱ्यांबद्दलची आस्था तीच आहे. त्या आस्थेपोटी तुमचा डबा घेतला.

हे मांस 225 ते 250 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 107 ते 121 सेल्सिअसवर, बारा तास शिजते. ब्रिस्केट मोठे असेल तर सोळाही लागतात. आतले तापमान 203 फॅरनहाइटच्या आसपास पोचेपर्यंत मांसातले चिवट कोलाजेन विरघळून त्याचे जिलेटीन होत राहते. घाई केली की वरून करपते आणि आत चामड्यासारखे राहते. मधेच 150 ते 170 फॅरनहाइटच्या दरम्यान काटा तासन् तास हलत नाही. पृष्ठभागावरून पाणी उडून जात असते आणि त्याबरोबर उष्णताही जाते; ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून हे दाखवून दिले. ही वेळ बहुधा पहाटेची असते. नवखा माणूस घाबरून जास्त कोळसा टाकतो आणि रात्रभराच्या कष्टांवर पाणी पडते. त्या वेळी एकच गोष्ट हवी असते. आगीची धग तसूभरही हलू नये.

ती धग सांभाळायचे तंत्र फार सुंदर आहे. स्मोकरच्या खालच्या छिद्राला छोटा पंखा लावायचा, बाकीच्या झडपा जवळजवळ मिटायच्या. मग निखाऱ्यांना तेवढीच हवा मिळते जेवढी पंखा देतो. लोहाराच्या भात्याचे काम, फक्त फार हलक्या हाताने. हवा कमी पडली तर कोळसा घुसमटतो, दाट पांढरा धूर सुटतो आणि मांस कडवट होते. जास्त झाली तर आग भडकते, आणि भडकलेली आग खाली आणायला तास जातो. झाकण उघडले की आतले तापमान एकदम घसरते. अडाणी यंत्र ते पाहून पंखा सुसाट सोडते. शहाणे यंत्र ओळखते की झाकणच उघडले आहे, आणि थांबते. हा सगळा निर्णय तीन गोष्टींवर होतो: हव्या त्या तापमानापासून आपण आत्ता किती दूर आहोत, ते अंतर किती वेळ साचत आले आहे, आणि ते किती वेगाने बदलते आहे. निकोलस मिनोर्स्कीने जहाजांचे सुकाणू आपोआप स्थिर राहावे म्हणून या गणिताची मांडणी केली ती 1922 साली. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, जेव्हा सर्व्हर ही चीजच अस्तित्वात नव्हती.

हे गणित करायला किती मोठा संगणक लागतो? हीटरमीटर नावाच्या खुल्या प्रकल्पाने ते एटीमेगा 328 या चिपवर बसवले. प्रोग्रॅमसाठी त्या चिपमध्ये 32 किलोबाइट जागा असते. तुमच्या ॲपचे बोधचिन्हही कदाचित याहून जास्त जागा खात असेल. वायफाय, आलेख, वेबपान हे सगळे शेजारचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक सांभाळतो. तो अडला तरी चिप आपले काम करत राहते. हौशी माणसांनी फावल्या वेळात घडवलेल्या त्या डब्याला पडदा आहे, बटणेही आहेत. पगारी अभियंत्यांची फौज बाळगून तुम्ही मात्र बटणाचे चार पैसे वाचवलेत, आणि आमच्या अंगणातल्या आगीची दोरी शेकडो मैल दूरच्या इमारतीत नेऊन बांधलीत.

या रचनेतली सगळ्यात घातक गोष्ट मला सर्व्हर कायमचा बंद होण्याआधीच दिसली होती, आणि तिच्याबद्दल मी तुम्हाला माफ करणार नाही. आग विझू लागली की फोनवर धोक्याचा इशारा येईल, असे तुम्ही जाहिरातीत सांगितले होते. स्मोकर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर. पण इशारा डब्यातून राउटरला, राउटरमधून तुमच्या सर्व्हरला आणि तिथून फिरून माझ्या उशाशी यायचा. एका रात्री तुमचा सर्व्हर झोपला. आग विझत गेली, इशारा आला नाही, फोन शांत होता. आणि सगळे सुरळीत असतानाही फोन शांतच असतो! दोन्ही शांततांमधला फरक झोपलेल्या माणसाला कळावा कसा? डब्याशी संपर्क तुटला तर फोनने स्वतःहून बोंब मारायला हवी, आणि डब्यात कर्कश वाजणारी पिपाणी हवी. अमेरिकेचे कृषी खाते सांगते की 40 ते 140 फॅरनहाइट या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि त्या पट्ट्यात अन्न दोन तासांहून जास्त राहू देऊ नये. सकाळी मी स्मोकरमधला तो डुकराचा खांदा कचऱ्यात टाकला. लहान मुले जेवायला येणार होती. मांस किती वेळ कोमट होते हे सांगायला तुमच्याकडे नोंद नव्हती, कारण नोंदही त्याच सर्व्हरवर राहत होती.

सर्व्हर चालवायला खर्च येतो, हे तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. येतोच. म्हणून तर तो आगीच्या आणि माझ्या मधे आणायचाच नव्हता. गावाला गेल्यावर आलेख पाहायचा असेल तर सर्व्हर जरूर ठेवा, त्याचे वेगळे पैसे मागा, परवडेल तो देईल. पण पंखा फिरवण्याचा हुकूम घराबाहेर पाठवायचे एकही तांत्रिक कारण नाही. कारण धंद्याचे आहे: खाते उघडले की गिऱ्हाईक मुठीत येते.

तुमच्या आधीही हे झाले होते, तेव्हा अनपेक्षित संकट आल्याचा आव आणू नका. घरातली उपकरणे जोडणारा रिव्हॉल्व्ह हब 15 मे 2016 रोजी असाच निकामी करण्यात आला. एप्रिल 2022 मध्ये घरातले दिवे ॲपवरून चालवू देणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना आगाऊ सूचना न देता बंद झाले आणि लोकांच्या घरातले दिवे ॲपला जुमानेनासे झाले. दूरच्या सर्व्हरला आगीचा हुकूम देऊ दिला की धोका कसा वाढतो, तेही 2024 मध्ये दिसले: ट्रेगर या ग्रिल बनवणाऱ्या कंपनीच्या वायफाय नियंत्रकातला एक दोष बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने उघड केला. त्या दोषामुळे, ग्रिलचा ओळखक्रमांक हाती लागलेला परका माणूस दुसऱ्याच्या ग्रिलचे तापमान बदलू शकत होता. ट्रेगरने तो दुरुस्त केला. तुमच्या यंत्राला दुरुस्ती पाठवणारे आता कुणी उरलेलेच नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी 184 'स्मार्ट' वस्तूंच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. सॉफ्टवेअर किती काळ मिळत राहील हे जवळजवळ 89 टक्के वस्तूंच्या बाबतीत कंपनीच्या संकेतस्थळावर सांगितलेलेच नव्हते. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सुरक्षा-दुरुस्त्यांची किमान मुदत जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. शेकडो डॉलरच्या तुमच्या डब्यावर ती नव्हती. खोक्यावर 'सर्व्हर कधीही बंद होऊ शकतो' एवढे छापले असते तर एकाही शहाण्या माणसाने तो डबा घेतला नसता, आणि म्हणूनच तुम्ही ते छापले नाहीत.

आता काय करायचे ते सांगते. एक शेवटचे फर्मवेअर द्या, ज्यामुळे डबा घरच्याच वायफायवर स्वतःचे साधे वेबपान उघडेल आणि खात्याशिवाय तापमान ठरवता येईल. तेवढेही करायचे नसेल, तर डबा आणि सर्व्हर एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होते त्याचा तपशील खुला करा. पुढचे काम करायला हौशी लोक समर्थ आहेत, हीटरमीटरने ते सिद्ध केले आहे. आणि यातले काहीच जमत नसेल तर पैसे परत करा. सवलतीचे कूपन तुमच्याकडेच ठेवा.

हे पत्र वाचणाऱ्यांना एक विनंती. स्मोकरचा नियंत्रक असो की पुण्या-नाशिकच्या घरातला वायफाय गीझर, विकत घेण्याआधी दुकानदारासमोर राउटर बंद करायला लावा आणि वस्तू चालते का ते पाहा. चालली नाही, तर ती तिथेच ठेवून या.