ऐकायची नाही, सुचवायची

पंक रेकॉर्ड ऐकणारे पुष्कळ आहेत, पण मान मिळतो सुचवणाऱ्याला. तेव्हा गिटार शिकण्याच्या भानगडीत न पडता थेट जाणकार व्हा. रविवारी सकाळी सुरुवात केलीत, तर संध्याकाळपर्यंत मित्र तुम्हाला टाळू लागतील. तसं झालं की समजा, जमलं.

१. आधी बँड निवडा. सेक्स पिस्टल्सचं नाव काढू नका. त्यांचे टी-शर्ट मॉलमध्ये मिळतात. दुसऱ्या कोणी काढलंच तर 'सुरुवातीला ठीक आहेत' म्हणा आणि आवाजात जरा दया आणा.

२. 'आधीपासून' हा शब्द घोटून घ्या. डेट्रॉइटच्या डेथ या बँडचंच बघा. तीन हॅकनी भावांनी १९७५मध्ये गाणी रेकॉर्ड केली, पुढच्या वर्षी एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या आणि विषय संपला. बाकीची गाणी अल्बम होऊन निघाली ती २००९मध्ये. तुम्हीही ती तेव्हाच ऐकलीत, पण हे चुकूनही कबूल करू नका. 'मी आधीपासून ऐकतो' म्हणा. कशाच्या आधीपासून, हे विचारण्याची कोणाची छाती होत नाही. थोरला डेव्हिड २०००मध्येच गेला. अल्बमनंतरचं कौतुक त्याच्या वाट्याला आलं नाही. हे सांगताना क्षणभर थांबा, खाली बघा आणि मग तुमच्या प्रतीचा भाव सांगा.

३. बझकॉक्सपासून मात्र जपून. मँचेस्टरच्या या पोरांनी ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७मध्ये 'स्पायरल स्क्रॅच'च्या हजार प्रती स्वतःच काढल्या. कव्हरच्या मागे कुठलं गाणं कितव्या टेकला जमलं, तेही छापलं. यात काही जादू नाही, तुम्हालाही जमेल, असा त्याचा सरळ अर्थ. इथेच नवशिक्या सुचवणारा फसतो. समोरचा ऐकतो, त्याचे डोळे चमकतात आणि तो म्हणतो, 'अरे, मग आपणही काढू की एक!' गेली तुमची मेहनत पाण्यात. त्याला रेकॉर्ड विकत घ्यायला लावायची होती, करायला नव्हे. ताबडतोब विषय प्रेसिंगवर न्या.

४. रेकॉर्डचं वजन सांगा. १८० ग्रॅम. भेंडी घेतानाही आपण इतके काटेकोर नसतो, पण इथे तोंडावर समाधान हवं. रामोन्सचा पहिला अल्बम १९७६चा: चौदा गाणी, जेमतेम २९ मिनिटं, खर्च सुमारे ६,४०० डॉलर. चाळिसाव्या वर्षी त्याचा तीन सीडी आणि एक एलपीचा खोका निघाला. तीच गाणी स्टीरिओत आणि तीच पुन्हा मोनोत. खोकाच सुचवा. घाईघाईने उरकलेल्या गाण्यांना सावकाश ऐकणारा श्रोता मिळायलाच हवा.

५. स्वतःचं मत देऊ नका. मोठ्या माणसाचं उसनं घ्या. रेनकोट्सचा पहिला अल्बम १९७९चा. १९९३मध्ये तो पुन्हा निघाला, कारण निर्वाणाच्या कर्ट कोबेनला तो जीव की प्राण होता. त्यासाठी त्याने टिपणही लिहिलं. तुम्ही रेनकोट्सबद्दल एक वाक्य बोला आणि कोबेनबद्दल नऊ.

६. जपणूक. डुरुट्टी कॉलमच्या १९८०च्या पहिल्या अल्बमचं कव्हर सँडपेपरचं होतं. ते चिकटवायला जॉय डिव्हिजनची मंडळी बसली होती. हेतू एकच: कपाटात शेजारी ठेवलेली रेकॉर्ड बाहेर काढता-घालता खरवडून निघावी. अशी प्रत हाती लागलीच तर बाबांच्या भीमसेनजींपासून चार हात लांब ठेवा. बंडखोरी संगीतात शोभते. घरात त्याच बाबांकडून वीजबिल भरून घ्यायचं असतं.

७. वेग तपासा. ४५ची रेकॉर्ड ३३वर लागली आणि ती भयाण रेंगाळू लागली, तर लाजू नका. डीजे जॉन पीलकडूनही बीबीसी रेडिओवर असं व्हायचं. फक्त ते चूक मान्य करत. तुम्ही 'हा मूळ मिक्स' म्हणा.

८. प्लास्टिक काढू नका. सील फुटलं की किंमत उतरते. 'यातलं कुठलं गाणं चांगलं?' असं कोणी विचारलं, तर 'दुसऱ्या बाजूचं' म्हणा. तो 'कितवं?' विचारेपर्यंत चहा ठेवायला आत जा.